ओल्या चिपाडाला आच नसते

प्रकाशाहून शहाद्याकडे येताना थंडीत गुऱ्हाळ दिसलं की मी थांबतोच. लोक काहिलीतल्या रसाकडे बघतात, मी चुलवणाकडे. पिळून निघालेली चिपाडं उन्हात पसरतात, खडखडीत वाळली की मगच आत सारतात. ओलं चिपाड गेलं तर नुसता धूर. रस आटवायला ना लाकूड विकत आणायचं, ना कोळसा.

साखर कारखान्यातही हेच घडतं. टनभर उसामागे २८० ते ३०० किलो चोथा निघतो, त्याला तिथे बगॅस म्हणतात. फरक एवढाच, की तो न वाळवता थेट बॉयलरमध्ये जातो आणि त्याचं निम्मं वजन पाण्याचं असतं. किलोभर ओल्या बगॅसमधून साधारण २,३०० किलोकॅलरी उष्णता मिळू शकते. पण आतल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यातच त्यातल्या ३०० खर्ची पडतात आणि चिमणीवाटे निघून जातात. त्याच चिमणीच्या गरम धुरावर बगॅस वाळवता येतो. गुऱ्हाळवाल्याला जे ऊन फुकट देतं, ते इथे धूर देईल.

बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग रस आटवते. एका वाफेची दोन कामं, हीच सहवीजनिर्मिती. वाफेचा दाब जितका जास्त, तितकी त्याच बगॅसमधून वीज जास्त. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज महावितरणला विकता येते.

उसापासून इंधन म्हणून बनणाऱ्या इथेनॉलचा हिशेब मात्र मला अस्वस्थ करतो. उसाला वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. उतारा १०० टन धरला तर टनाला २ लाख लिटर. टनभर उसाच्या रसापासून इथेनॉल मिळतं ७० लिटरच्या आसपास. म्हणजे लिटरभर इंधनामागे जवळपास २,९०० लिटर पाणी! आपल्या खान्देशात पाऊस पडतो ७०० मिलिमीटरच्या आगेमागे; बाकीचं तापी-गिरणेतून नाहीतर विहिरीतून उपसायचं. इंधनासाठी खान्देशात उसाचं क्षेत्र वाढवावं, हे मला पटत नाही. उभ्या उसाला ठिबक हवं. बगॅसची गोष्ट वेगळी, त्याचं पाणी साखरेच्या खात्यावर आधीच खर्च झालेलं असतं.

आणि पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं? ते बॉयलरला देऊ नये, पेटवूही नये. पेटवलं की त्यातलं नत्र धुरासोबत जातं. सरीत आच्छादन म्हणून ठेवलं, तर एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत जमिनीची ओल टिकते.

गाळप आटोपलं की बगॅस संपत येतो. नेमक्या त्याच सुमारास कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, बांधावर पेटतात. त्या बॉयलरला चालतात. अडचण वाहतुकीची: ढीग मोठा, वजन कमी. शेतातच कुट्टी केली तर ट्रॉलीत कितीतरी जास्त माल बसतो. शिवाय गुलाबी बोंडअळी पऱ्हाट्यांवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत पुढच्या हंगामापर्यंत दडून बसते. पऱ्हाट्या वेळेत शेताबाहेर गेल्या की तिचाही मुक्काम हलतो.