दिस स्पोर्टिंग लाइफ
लिंडसे अँडरसन दिग्दर्शित ब्रिटिश कृष्णधवल चित्रपट (१९६३). डेव्हिड स्टोरी यांच्या याच नावाच्या कादंबरीवर (१९६०) तो आधारलेला असून पटकथाही त्यांचीच आहे. निर्माते कारेल राइश. बंगळूरला जन्मलेल्या अँडरसन यांचा हा पहिलाच कथापट. त्याआधी ते माहितीपट करीत.

फ्रँक मेचिन (रिचर्ड हॅरिस) हा यॉर्कशायरमधला खाणकामगार. स्थानिक क्लब त्याला १,००० पौंड देऊन रग्बी लीग या रग्बीच्या वेगळ्या प्रकारासाठी करारबद्ध करतो. हा खेळच मुळी मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. शनिवारी सामना खेळला की कामगाराची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, यावरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब मूळ रग्बी संघटनेतून फुटले. स्टोरी स्वतः वेकफील्डच्या खाणकामगाराचे चिरंजीव. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत असताना लीड्सच्या क्लबकडून खेळायला ते गाडीने उत्तरेला जात. मैदानावरचा चिखल आणि दुखापती चित्रपटात इतक्या खऱ्या वाटतात त्या म्हणूनच. सामन्यांची दृश्येही वेकफील्ड ट्रिनिटी क्लबच्या मैदानावर चित्रित झाली.

चित्रपटाचा जीव मात्र मैदानात नाही, मिसेस हॅमंडच्या (रेचेल रॉबर्ट्स) स्वयंपाकघरात आहे. ही दोन मुलांची विधवा आई. मेचिन तिच्याकडे भाडेकरू. तिचा नवरा ज्या कारखान्यात मेला, त्याचाच मालक क्लबचा सूत्रधार आहे. नवऱ्याचे बूट ती अजून चुलीजवळ ठेवते, त्यांना पॉलिश करते. त्या बुटांच्या जागी मेचिनला स्वतः उभे राहायचे आहे. पण त्याला ठाऊक असलेली भाषा एकच, धडक मारण्याची. मैदानात त्या धडकेचे पैसे मिळतात. घरात त्या धडकेनेच सगळे मोडते. तो मोटार घेतो, तिला फरचा कोट आणतो. तिला वाटते, आपण ठेवलेली बाई झालो.

सामन्यात मेचिनचे पुढचे दात तुटतात. दंतवैद्याच्या खुर्चीत गुंगी चढत असताना मागचे सगळे तुकड्यातुकड्यांनी आठवत जाते. शेवटी मिसेस हॅमंड रुग्णालयात मेंदूतील रक्तस्रावाने मरते. भिंतीवर एक कोळी दिसतो आणि मेचिन त्याच्यावर मूठ हाणतो. एवढा धिप्पाड माणूस, आणि हाताशी शत्रू म्हणून एक कोळी! या चित्रपटातला हा सर्वांत असह्य क्षण आहे.

हॅरिस यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, रॉबर्ट्स यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट-पुरस्कार. ऑस्करसाठी दोघांनाही नामांकन होते. रॉबर्ट्स यांचे काम हॅरिस यांच्याहून कांकणभर सरसच म्हणावे लागेल, कारण आवाज न चढवता त्या सारे आतल्या आत दाबून धरतात. तिकीटबारीवर मात्र चित्रपट चालला नाही. कामगारवस्तीच्या वास्तववादी चित्रपटांची ब्रिटनमधली लाटही त्यानंतर लवकरच ओसरली.