हंपी आणि जोशुआ ट्री: सारखे दिसणारे खडक, वेगळी पायपीट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांतली मुले आता कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे राहून परतलेले आईवडील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचे फोटो दाखवताना बहुधा एकच वाक्य उच्चारतात: "ही तर आपली हंपीच!" फोटोपुरते ते खरे आहे. परंतु त्याच भरवशावर पुढची मंडळी एक लहान बाटली हातात घेऊन, हंपीतली मातंग टेकडी चढावी तशा मनाने, तिथल्या वर्तुळाकार पायवाटांवर निघतात. म्हणून हा गोंधळ एकदाचा निस्तरणे मला आवश्यक वाटते.

साम्य कशाचे आहे ते आधी सांगतो. दोन्हीकडचा दगड ग्रॅनाइट जातीचा आहे आणि दोन्हीकडे तो जमिनीखालीच उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत विभागला गेला. भेगांत मुरलेल्या पाण्याने तुकड्यांचे कोपरे आधी कुजवले, आणि पुढे वरची माती वाहून गेल्यावर उरलेले गोलसर गाभे एकमेकांवर रचल्यासारखे उघडे पडले. हे दगड पुराने आणून टाकले किंवा ज्वालामुखीने फेकले, ही समजूत दोन्ही ठिकाणी सारखीच चुकीची आहे. वय मात्र फार वेगळे आहे. हंपीचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, तर जोशुआ ट्रीचा डायनासोरांच्या काळातला. याच ओघात बदामीचा लाल वालुकाश्मही या जोडीत बसवणारे भेटतात. तो दगडच निराळा, त्याची घडण निराळी, आणि त्याला इथे ओढण्याचे काही कारण नाही.

हंपीविषयी बेळगावकरांना काय सांगावे? तिथे तुंगभद्रा आहे, केळीच्या बागा आहेत, कोणत्याही टेकडीवरून एखादे गोपूर दिसते, आणि हाकेच्या अंतरावर शहाळेवाला किंवा मेंढपाळ असतो.

जोशुआ ट्रीला यातले काहीही नाही, आणि खरी गफलत इथेच होते. लोकांना वाटते की दोन्हींतला फरक उन्हाचा आहे. ऊन तर हंपीतही एप्रिलमध्ये अंग भाजते. खरा फरक पाणी कुठे जाते याचा आहे. आपल्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या अंगी एक शहाणपण न शिकवता मुरलेले असते: रानात वाट चुकली तर ओढा धरावा आणि उताराने चालावे. खानापूरच्या जंगलात ते बहुधा खरे ठरते, कारण तिथला ओढा मलप्रभेला किंवा म्हादईला मिळतो आणि वाटेत कुठेतरी शेत, बांध, पाणंद, वस्ती लागते. आपल्याकडे उतार माणसांकडे नेतो. जोशुआ ट्रीचे हे खडक ज्या मोहावीच्या वाळवंटात आहेत, तिथे तो तसा नेत नाही. तिथे वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला आषाढात एखाद्या दिवशी कोसळतो तेवढा. त्या पावसाने कोरलेले ओढे बहुतांशी समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. चहूबाजूंनी बंद असलेल्या खोलगट भागांत ते पसरतात आणि वाळूत मुरून जातात, त्यामुळे अशा ओढ्याने उतरणारा माणूस दर पावलाला गाडीरस्त्यापासून आणि माणसांपासून दूर जाण्याची शक्यता मोठी असते.

त्यात भर म्हणजे हा कोरडा ओढा, ज्याला तिकडे वॉश म्हणतात, पायवाटेपेक्षाही अधिक पायवाटेसारखा दिसतो. तो रुंद, सपाट, स्वच्छ वाळूचा असतो, दोन्ही बाजूंना झुडपांची कड असते आणि आधी भरकटलेल्यांची पावलेही त्यात उमटलेली असतात. खरी वाट अनेक ठिकाणी काही अंतर याच वाळूतून जाते आणि मग दोन खडकांमधल्या अरुंद फटीतून अचानक बाजूला वळते. गप्पा मारत चालणाऱ्याचे ते वळण हमखास चुकते. वाटेच्या कडेने लावलेल्या दगडांच्या ओळी आणि चुकीच्या फाट्यावर आडवे टाकलेले दगड किंवा वाळके लाकूड यांकडे म्हणूनच सतत लक्ष असावे. आडवे टाकलेले लाकूड ओलांडून पलीकडे जाणाऱ्यांविषयी मला जराही सहानुभूती वाटत नाही.

वाट वर्तुळाकार असल्याने चूक आणखी उशिरा कळते. राजहंसगडावर किंवा वैजनाथाच्या डोंगरावर आपण गेल्या वाटेने परत येतो, त्यामुळे ओळखीची जागा दिसली नाही की मनात लगेच शंका येते. वर्तुळात सगळीच जागा नवी असते, म्हणून नवेपणाने कोणी सावध होत नाही, आणि "वाट शेवटी गोल फिरून गाडीपाशीच येणार" या भावनेने माणूस चालत राहतो. खडकांच्या रांगेपलीकडे गाडीतळ जवळच आहे असे वाटून मधूनच आडवे जाण्याचा मोह तर सर्वांत वाईट, कारण या खडकांवर चढणे सोपे आणि उतरणे अवघड असते. वाट चुकल्याची शंका आली की वाटेची शेवटची निश्चित खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत आल्या पावली मागे जावे. त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही. उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि छापील प्रतही जवळ ठेवावी.

पाणी उद्यानाच्या कडेच्या काही ठिकाणीच मिळते, आत खडकांच्या भागात नाही. माणशी दिवसाला किमान ४ लिटर गाडीत असलेच पाहिजे. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे "मला तर घामच आला नाही" हे तब्येत ठीक असल्याचे लक्षण मानू नये.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. हंपीत माकडे हातातली पिशवी पळवतात, तिथे चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे कपड्यांना चिकटतात, ते काढायला साधा कंगवा उपयोगी पडतो. न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नये, हे दोन्हीकडे सारखेच. आणि ज्या झाडावरून उद्यानाला नाव मिळाले ते झाड निवडुंग नाही, हे कृपया लक्षात ठेवावे. ते युक्का आहे, आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातले.

आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर माझी निवड निःसंशय हिडन व्हॅलीची आहे. ते वर्तुळ सुमारे दीड किलोमीटरचे, खडकांनी चहूकडून वेढलेले आणि म्हणूनच भरकटायला कमी वाव देणारे आहे. स्प्लिट रॉकचे वर्तुळ, फेस रॉकचा फाटा धरून सुमारे ४ किलोमीटरचे, अधिक सुंदर आहे, पण ते ज्यांना खुणा वाचत चालण्याची सवय आहे त्यांनीच करावे, तेही नोव्हेंबर ते मार्च या काळात आणि सकाळी. जुलै ते सप्टेंबरमध्ये तर दुपारी दूरवर ढग गडगडले तरी त्या वाळूच्या ओढ्यांत थांबू नये, कारण डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा तिथपर्यंत येऊ शकतो.