खुणांच्या भाषेचं एआय भाषांतर

कर्णबधिर माणूस हाताने, चेहऱ्याने जे बोलतो ते कॅमेऱ्यातून ओळखून आवाजात आणायचं, आणि आपण बोललेलं ऐकून स्क्रीनवरच्या बाहुलीकडून खुणांमध्ये करून दाखवायचं, हे एआयचं काम. सुटे शब्द ओळखणं बऱ्यापैकी जमतं, सलग वाक्याला अजून अडखळतं, आणि बाहुलीचा चेहरा तर फारच निर्जीव वाटतो.

प्रोग्राम व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये बोटांचे सांधे शोधतो. गूगलच्या मीडियापाइप या हात ओळखणाऱ्या साधनात एका हाताचे 21 बिंदू धरतात आणि ते कसे सरकले त्यावरून मॉडेल शब्द ठरवतं. आता अमेरिकन पद्धतीत अक्षरं एका हाताने काढतात, भारतीय सांकेतिक भाषेत बरीचशी दोन्ही हातांनी, म्हणजे एक हात दुसऱ्याच्या आड गेला की बिंदूच हरवतात. त्यामुळे तिकडचं मॉडेल उचलून इकडे लावता येत नाही, भाषाच वेगळी आहे.

खरी गोष्ट व्याकरणाची आहे. खुणांच्या वाक्यात कधी घडलं ते आधी येतं, ‘काय, कुठे’ शेवटी, आणि ‘तू जेवलास’चं ‘तू जेवलास का’ होतं ते नुसत्या भुवया वर गेल्यावर! हात तेच. 2016 मध्ये अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांच्या सेन्सरवाल्या हातमोज्यांना मोठं बक्षीस मिळालं, पण मोज्याला भुवया कुठून दिसणार, कर्णबधिर लोकांनी आणि भाषातज्ज्ञांनी तेव्हाच हे सांगितलं होतं आणि त्यांचंच बरोबर होतं. आपल्या इंदूरात रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात बघा, गर्दीच्या कलकलाटात आपल्याला शेजारच्याचं ऐकू येत नाही आणि दोन कर्णबधिर मित्र रस्त्याच्या दोन बाजूंनी आरामात गप्पा मारतात, पण मध्ये माणसं येणार, उजेड वरखाली होणार, एका हातात भुट्ट्याच्या किसाचा दोना असणार. स्टुडिओतल्या व्हिडिओवर शिकलेलं मॉडेल इथे गडबडतं.

शिकायला व्हिडिओही कमीच. भारतीय खुणांच्या 2020 च्या ‘इन्क्लूड’ या व्हिडिओसंचात 263 शब्दांचे 4287 व्हिडिओ होते, 2024 च्या ‘आयसाइन’मध्ये 1 लाखाहून जास्त व्हिडिओ-वाक्य जोड्या आल्या. सरकारी सांकेतिक कोश 2018 मध्ये 3000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 चा झाला. तरी घरच्या घरी तयार झालेल्या खुणा कुठल्याच कोशात नसतात. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली आणि 2015 मध्ये परत आलेली कर्णबधिर गीता इंदूरलाच राहिली, तिच्या खुणांमधून लहानपणचं स्टेशन, नदी असं एकेक जुळवत शोध चालला आणि 2021 मध्ये महाराष्ट्रात तिची आई सापडली. हे माणसांनी तिच्यासमोर बसून, पुन्हा पुन्हा विचारून केलं. म्हणून पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात आजही माणूस दुभाषीच हवा, ॲप फार तर दुकानातल्या किंवा रिक्षावाल्याशी होणाऱ्या बोलण्यापुरतं.

इथल्या मराठी घरांची अडचण आणखी वेगळी. मुलाची शाळा हिंदी, घर मराठी आणि ‘आयसाइन’सारख्या संचातली वाक्यं इंग्लिशशी जोडलेली, म्हणजे नातवाची खूण आधी इंग्लिश होणार आणि मग मराठी. इंग्लिशमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, त्यामुळे तो आजोबांना आदराने विचारतोय ‘जेवलात का’ आणि फोन म्हणणार ‘जेवलास का’.