हत्ती, आंधळे आणि एक ‘च’

वाद मिटवायचा असला की आपण म्हणतो, ‘ज्याचं त्याचं सत्य वेगळं असतं.’ पाठोपाठ आंधळे आणि हत्तीची गोष्ट येते, आणि कोणी थोडे वाचलेले असेल तर जैनांचा अनेकांतवादही, म्हणजे प्रत्येक वस्तूला अनेक बाजू असतात हे मत. हे तिन्ही एका माळेत ओवलेले पाहिले की मला वाईट वाटते. ज्यांनी ही गोष्ट शतकानुशतके जपली, त्यांना तिच्यातून जवळजवळ उलटच सांगायचे होते.

गोष्टीचे एक फार जुने रूप ‘उदान’ या पाली बौद्ध ग्रंथात आहे. श्रावस्तीचा एक राजा नगरातल्या जन्मांधांना गोळा करतो आणि हत्ती ‘दाखवतो’. डोक्याला हात लागलेला म्हणतो, हत्ती मडक्यासारखा. कान धरणारा म्हणतो, सुपासारखा. अंग चाचपणाऱ्याला तो कोठार वाटतो, पाय धरणाऱ्याला खांब, शेपटी धरणाऱ्याला मुसळ, तर शेपटीचा गोंडा हाती आलेल्याला केरसुणी. साऱ्या वस्तू शेतकऱ्याच्या घरातल्या. मग गुद्दागुद्दी होते आणि राजा मजा बघतो. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती ‘आमचेच खरे’ म्हणून भांडणाऱ्या इतर पंथांच्या साधूंवरून. गोष्टीत हत्ती खराखुरा आहे, आणि तो ज्याला दिसतो असा राजाही आहे. पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडून राजा बहुधा गळून गेला.

जैन परंपरेत हा विचार महावीरांच्या उत्तर देण्याच्या पद्धतीतून वाढला. ‘भगवतीसूत्र’ या जैन ग्रंथात कौशांबीची जयंती त्यांना विचारते, झोपलेले बरे की जागे? ते म्हणतात, अधर्माने वागणारा झोपलेला बरा, धर्माने वागणारा जागा बरा. स्कंदक नावाचा संन्यासी विचारतो, जगाला अंत आहे का? महावीर म्हणतात, द्रव्य (मूळ पदार्थ) आणि क्षेत्र (जागा) या दृष्टींनी आहे. काळ आणि भाव (गुण-अवस्था) या दृष्टींनी नाही. यात उत्तर टाळलेले नाही. एका प्रश्नात गुंतलेले प्रश्न सुटे करून प्रत्येकाला ठाम उत्तर दिले आहे.

जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’तला दृष्टांत मला सर्वांत आवडतो. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो हळहळतो, मुकुट हवा होता तो आनंदतो, ज्याला फक्त सोने हवे होते तो शांत राहतो. श्लोकात ‘सहेतुकम्’ असा शब्द आहे: तिघांच्याही भावनेला कारण आहे. घट खरोखरच नाहीसा झाला, मुकुट खरोखरच घडला, सोने खरोखरच टिकले. पाहणाऱ्यांच्या मनात तीन गोष्टी उमटल्या, कारण वस्तूतच त्या तिन्ही होत्या.

विरोधकांनी मात्र या मताला सोडले नाही. सातव्या शतकातल्या बौद्ध धर्मकीर्तींनी विचारले, प्रत्येक वस्तू स्वतःही आहे आणि दुसरीही, तर ‘दही खा’ म्हटल्यावर माणूस उंटाकडे का धावत नाही? पुढे जैन तार्किक अकलंकांनी त्यांना त्यांच्याच जातककथांतून उत्तर दिले: सुगत, म्हणजे बुद्ध, पूर्वजन्मी हरिण होते, तरी तुम्ही वंदन सुगतांना करता आणि खाता ते हरिण! जीवाचा प्रवाह एक असला तरी अवस्था वेगळ्या, हे तुम्हीही मानताच. शंकराचार्यांचा आक्षेप जास्त खोल जातो. सगळेच अनिश्चित असेल तर ही शिकवणही अनिश्चित. मग तिच्यावर विसंबून कोणी वागायचे कसे?

या आक्षेपाचे मूळ ‘स्यात्’ या शब्दात आहे. त्याचा नेहमीचा अर्थ ‘असेल, कदाचित’. जैन तार्किक तो ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ अशा अर्थी वापरतात. शिवाय सप्तभंगीचे, म्हणजे एकाच वस्तूविषयी करता येणाऱ्या सात प्रकारच्या विधानांचे, पहिले वाक्य ‘स्यादस्त्येव’ (एका अपेक्षेने आहेच) असे आहे, त्यात ‘एव’ आहे. अपेक्षा एकदा सांगितली की विधान ठाम! बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी एका श्लोकात तीन पायऱ्या मांडल्या: अपेक्षा न सांगता ‘आहेच’ म्हणणे हा दुर्नय (चुकीचा, एकांगी दृष्टिकोन), ‘आहे’ म्हणणे हा नय (एका बाजूचा दृष्टिकोन), ‘अमुक अपेक्षेने आहे’ हे प्रमाण (पूर्ण ज्ञान). संस्कृत ‘एव’चे काम मराठीत ‘च’ करतो, त्यामुळे ही बारीक मेख आपल्या कानाला चटकन कळावी. खांबासारखा पाय सापडला, इथवर तो आंधळा बरोबर आहे. ‘हत्ती खांबच’ म्हणताक्षणी तो चुकतो.

म्हणूनच जैन आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’च्या सुरुवातीला अनेकांताला वंदन करताना त्याला जन्मांधांच्या हत्तीविषयीच्या कल्पनेचा निषेध करणारा म्हटले आहे. प्रत्येक आंधळा आपल्यापुरता खरा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. संपूर्ण सत्य जाणणारा केवलज्ञानी असतो, यावर ही सारी इमारत उभी आहे. हा विश्वास आज सगळ्यांना पटेलच असे नाही, पण तो काढून घेतला तर जे उरते त्याला अनेकांतवाद म्हणू नये असे मला मनापासून वाटते.

आधुनिक काळात या विचाराला सहिष्णुतेचा अर्थ चिकटला, त्यात गांधीजींचा वाटा मोठा. 1926 च्या जानेवारीत ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले की अनेकांताने त्यांना मुसलमानाकडे मुसलमानाच्या आणि ख्रिश्चनाकडे ख्रिश्चनाच्या दृष्टीने पाहायला शिकवले. तिथेही हत्ती येतोच. सात आंधळे आपापल्या दृष्टीने बरोबर, एकमेकांच्या दृष्टीने चूक. आणि ज्याला हत्ती ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने बरोबरही, चूकही. हा शेवटचा माणूस गांधीजींनी गाळला नव्हता.