पार्श्वभूमी : वेबकथेचा जुना भाग मागाहून बदलतो तेव्हा

डिसेंबर १८९३ मध्ये लंडनच्या एका मासिकात वाचकांचा लाडका गुप्तहेर शेरलॉक होम्स कड्यावरून धबधब्यात कोसळून मेला. वाचक खवळले. १९०३ मध्ये लेखकाने त्याला परत आणलं, तेव्हा ‘तो पडलाच नव्हता’ हा खुलासा कथेतच द्यावा लागला. जुना अंक लोकांच्या कपाटात जसाच्या तसा होता ना! वेबवरच्या क्रमशः कथेला ही अडचण नाही, आणि आजचे बरेच वाद तिथूनच सुरू होतात.

चीनमध्ये २००३ पासून प्रकरणागणिक पैसे घेण्याची पद्धत रुळली, दर हजार अक्षरांमागे. संवाद लांबत गेले. तिथले वाचक त्याला पाणी ओतणंच म्हणतात. मराठीत वेगळा शब्द शोधायला नको. पुढे परिच्छेदागणिक अभिप्रायाची सोय आली. संवाद खटकला तर आता त्याच ओळीवर, काही मिनिटांत कळतं, दुरुस्तीही ओळीपुरतीच. कथाविश्वातली चूक उशिरा सापडते: तिसऱ्या भागात आठ दिवसांचा असलेला प्रवास चाळिसाव्यात दोन दिवसांत उरकला, की कुणीतरी दोन्ही आकडे शेजारी मांडतं. पात्राच्या निर्णयाचं प्रकरण अवघड. आठवड्याला एक भाग येत असेल, तर पंधरा भागांपूर्वी पेरलेलं कारण वाचून साडेतीन महिने झालेले असतात. ‘ती असं वागणारच नाही’ या तक्रारीत विसरही मिसळलेला असतो. तिथे निर्णय फिरवण्यापेक्षा, त्या प्रसंगात आठवण देणारी एक ओळ पुरते.

खरा गुंता ‘रिटकॉन’ या शब्दाचा, म्हणजे आधी सांगितलेल्या कथेला नव्या भागातून मागाहून वेगळं वळण देणं. १९८० च्या दशकात अमेरिकी कॉमिक्सच्या वाचकपत्रांतून तो पसरला. अभिप्रायांत तो तीन गोष्टींना सरसकट लावतात: जुन्या घटनेचा अर्थ पालटणारी नवी माहिती, जुन्या मजकुराला छेद देणारं नवं विधान, आणि जुना भाग उघडून गुपचूप केलेली खाडाखोड. पहिल्या दोन्हींत मूळ मजकूर शाबूत राहतो, वाचक तो दाखवू शकतो. तिसऱ्यात चूक दाखवणाराच खोटा पडतो, आणि परिच्छेदाखालचे अभिप्राय नसलेल्या ओळीशी भांडत राहतात. अशा खाडाखोडीला रिटकॉन म्हणणं म्हणजे लेखकाला फुकटची सूट देणं.

२०१३ नंतर मासिक वर्गणीदारांना पुढचे भाग आधी दाखवण्याची चाल वाढली, तसा हा पेच घट्ट झाला. लेखक वीस भाग पुढे असेल, तर ४० व्या भागावरची रास्त हरकत पोचेपर्यंत ६० वा भाग वर्गणीदारांनी वाचलेला असतो. जादूचा एक नियम बदलायचा, तर मधले वीसही भाग चाळावे लागतात. एखादा सुटलाच, तर दुरुस्तीतूनच नवी विसंगती निघते.

म्हणून बदलाची टीप: कुठला भाग, काय बदललं, पुढे कुठे परिणाम होतो. काही लेखक ती टाळतात. नव्या वाचकाला जुनी चूक दाखवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण टीप जुन्या भागात न लावता ताज्या भागाखाली टाकली, तर नव्याला ती पुष्कळ पुढे दिसते आणि दर आठवड्याला वाट पाहणाऱ्याला त्याच दिवशी.