आठवड्याची सुट्टी आणि परदेश: नागपूरकरांनी देश कसा निवडायचा, कागद कोणते लागतात

सात-आठ दिवसांची सुट्टी मिळाली की लोक आधी रील्स बघून देश ठरवतात आणि मग व्हिसाचं बघू म्हणतात. नागपूरवाल्यांनी हे उलटं करावं, कारण आपले दीड-दोन दिवस येण्याजाण्यातच जातात, सोनेगाव विमानतळावरून थेट परदेशी फ्लाइट मोजक्याच, त्याही आखाताकडच्या, बाकी सगळं मुंबई नाहीतर दिल्ली करून. हातात उरतात पाचेक दिवस, त्यात एकच देश करा, दोन-तीन देशांचं पॅकेज घेतलं तर निम्मी सुट्टी एअरपोर्टच्या रांगेत जाते.

आधी पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघा. बहुतेक देशांना तिथं पोचल्यापासून ६ महिने व्हॅलिडिटी लागते, कमी असेल तर चेक-इन काउंटरवरच अडवतात. संपायला वर्ष राहिलं असलं तरी री-इश्यूचा अर्ज करता येतो, पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा, साध्या ३६ पानी पासपोर्टचे १५०० रुपये, तत्काळ असेल तर वरून २००० अजून, मग अपॉइंटमेंट घेऊन ओरिजिनल कागद घेऊन जायचं.

नावाची भानगड वेगळीच. आपल्याकडं पासपोर्टच्या गिव्हन नेम रकान्यात (आडनाव सोडून बाकीचं नाव) स्वतःचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं असं दोन्ही नाव असते, तिकिटावर आणि व्हिसा फॉर्मवर तसंच्या तसं टाका, घरी काय म्हणतात ते टाकू नका. आणि आडनावाचा रकाना रिकामा असून नाव एकाच शब्दाचं असेल तर दुबईचा विचार सध्या सोडा, एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) टुरिस्ट म्हणून सहसा आत घेत नाही. आधी आडनाव टाकून घ्या.

आता देश. पासपोर्टच नसेल तर नेपाळ आणि भूतान आहेत, वोटर आयडीवर जाता येते, पण विमानानं नेपाळला जाताना मोठ्या माणसाचं आधार चालत नाही, हे बऱ्याच लोकांना काउंटरवर कळते. भूतानला आपल्याकडून माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये सरकारी फी घेतात, ती बजेटमध्ये धरा. पासपोर्ट आहे पण व्हिसाची कटकट नको, तर थायलंड, मलेशिया, मॉरिशस, तिथं आपल्याला टुरिस्ट व्हिसा लागत नाही, पण या सवलती बदलत राहतात म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच. थायलंडला पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असते, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर बंद करा. मलेशियाचंही असंच कार्ड आहे. मालदीवला पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा सिंगल एंट्री २५ डॉलर, मध्येच कंबोडियाला जाऊन परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर मल्टिपल, ५० डॉलरचा.

युरोप म्हणाल तर आठवड्यासाठी मी तरी हो म्हणणार नाही, पण जायचंच असेल तर किमान दोन-तीन महिने आधी लागा. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आले तर घेत नाहीत. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडंच अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथं पहिले उतरणार तिथं, अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडं भरू नका. बँक स्टेटमेंट, आयटीआर, कंपनीचं रजेचं पत्र, हॉटेल आणि तिकिटाचं बुकिंग, ३० हजार युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, एवढं तर लागतेच. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम आणून टाकली की स्टेटमेंटमध्ये ती लगेच दिसते, त्यापेक्षा नेहमीचा पगार-खर्च दिसू द्या. बोटांचे ठसे द्यायला बहुतेक मुंबई गाठावी लागते, विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी निघा, सकाळी उतरा, पण गाडी लेट होते म्हणून अपॉइंटमेंट दुपारची घ्या. ठसे एकदा दिले की साधारण ५९ महिने परत द्यावे लागत नाहीत.

सरकारी नोकरीत असाल तर विभागाची परवानगी आधी, तिकीट नंतर. लहान पोरगं एकाच पालकासोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. पॅकेज घेतलं तर वरून टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, ते आयटीआर भरताना अॅडजस्ट होते, टूरवाल्याकडून बिल मागून घ्या.

नागपूर-मुंबई आणि पुढचं तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळं काढलं आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर पुढची एअरलाइन थांबत नाही, पैसेही देत नाही, त्यात मुंबईत टर्मिनल बदलावं लागलं तर बॅगा घेऊन, रस्त्यानं. तशीच वेळ आली तर मध्ये ५-६ तास तरी ठेवा.