व्हॅक्यूमचे गरे: तळलेले कुठले, सुकवलेले कुठले

मुंबई-गोवा महामार्गावरच्या दुकानांत हल्ली पिकल्या फणसाच्या गऱ्यांची दोन पाकिटं शेजारी शेजारी टांगलेली दिसतात. एकावर ‘व्हॅक्यूम फ्राइड’, दुसऱ्यावर ‘फ्रीझ ड्राइड’. दोन्ही काप्या फणसाचे, दोन्ही कुरकुरीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, “दोन्ही सुकवलेलेच हो, तेल नाही.” हे ऐकून ऐकून मी कंटाळलोय. एकात तेल आहे, आणि चांगलं मोजण्याइतकं आहे.

कच्च्या फणसाचे खोबरेलात तळलेले गरे आपण लहानपणापासून खातो, त्याबद्दल सांगायला नको. पिकला गरा मात्र तसा तळता येत नाही. 170-180 अंशांच्या तेलात त्यातली साखर करपते. म्हणून बंद भांड्यातली हवा खेचतात. दाब उतरला की पाणी लवकर उकळतं आणि 100 अंशांच्या आसपासच्या तेलातही गरा कुरकुरीत होतो. रंग छान राहतो, म्हणून तो तळलेला वाटतच नाही. पण पाणी निघालं त्या जागी तेल शिरतं, आणि यंत्रात गरागरा फिरवून निथळलं तरी सगळं निघत नाही. पाकिटावर 100 ग्रॅमला 20 ग्रॅम फॅट लिहिलं असेल, तर 180 कॅलरी नुसत्या तेलाच्या.

फ्रीझ ड्राइडमध्ये कढईच नाही. गरा उणे 30-40 अंशांवर दगडासारखा गोठवायचा आणि दाब 6 मिलिबारच्याही खाली न्यायचा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब 1013 असतो, त्यावरून अंदाज घ्या. इतक्या कमी दाबात बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होते. बराच वेळ आणि वीज लागते, म्हणून पाकीट महाग. पण गरा फारसा तापत नसल्याने क जीवनसत्त्व बरंचसं टिकतं, आणि फॅट नावापुरतं.

वहिनीला पटेना. वर्तमानपत्रावर दोन्हीकडचा एकेक गरा ठेवून वाटीच्या बुडाने चेचला. “अगो बाई भावोजी, हा तर वड्याखालचा डाग!” एकाखाली तेलाचा गोल, दुसऱ्याखाली कोरडा भुगा. व्हॅक्यूम म्हणजे फक्त हवा काढली. त्यानंतर आत तेल होतं की बर्फ, ते विचारा. नुसतं ‘व्हॅक्यूम प्रोसेस्ड’ छापलेलं पाकीट मी घेतच नाही.

साखर मात्र दोन्हीकडे आहे. 100 ग्रॅम ताज्या गऱ्यांत ती साधारण 19 ग्रॅम आणि पाणी 73 ग्रॅम. पाणी गेलं की तीच साखर उरलेल्या 27 ग्रॅमच्या हलक्या मुठीत येते. मधुमेह असलेल्या माणसाला “तेल नाही, खा बिनधास्त” म्हणून ती मूठ देऊ नका.

आमच्याकडे गणपतीत ताजा फणस नसतो, तेव्हा फ्रीझ ड्राइड गरे नारळाच्या दुधात भिजवून खिरीत घालतो. पाणी शोषून ते पुन्हा मऊ होतात. तळलेले घातले तर खिरीवर तवंग येतो.